जमालगोटा, पेशीचं पटल आणि आपले तळपाय

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘तू एवढी वर्षं प्रयोगशाळेत नेमकं करतेस काय, ते आम्हाला कळेल असं सांग.’ वेळ वीस मिनिटं. त्यानंतर मिसळ आहे, हेही बजावून सांगितलंय. तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

मी पेशीच्या पटलावर काम करते. नववीत आपण सगळ्यांनी पेशीची आकृती काढली आहे. केंद्रक, तंतुकणिका वगैरे मन लावून काढायचो आणि प्रद्रव्यपटल म्हणून बाहेरून एक रेघ ओढून मोकळे व्हायचो. माझं सगळं काम त्या एका रेघेत आहे.

ही रेघ खरं तर तेलकट रेणूंच्या दोन थरांची आहे. गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी 1925 साली रक्तातल्या तांबड्या पेशींमधला स्निग्धांश काढून पाण्यावर पसरला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापतो असं त्यांना दिसलं, म्हणजे थर दोन असणार. या दोन थरांची मिळून जाडी एका मिलिमीटरच्या साधारण दोन लाखाव्या भागाइतकी. पुढे बरीच वर्षं लोक समजत होते की हे पटल म्हणजे नुसतं कुंपण. आतलं आत, बाहेरचं बाहेर ठेवणारं.

तसं नाही, याची पहिली खूण 1953 साली मिळाली. मेबल आणि लोवेल होकिन हे संशोधक दांपत्य कबुतराच्या स्वादुपिंडावर काम करत होतं. पेशींना बाहेरून रासायनिक इशारा दिला की पटलातले काही स्निग्ध रेणू भराभर तुटतात आणि पुन्हा जोडले जातात, असं त्यांना आढळलं. याचा अर्थ लागायला आणखी तीसेक वर्षं गेली. तो अर्थ असा : बाहेरून आलेला निरोप्या घरात येतच नाही. तो दारावर थाप मारतो. त्या थापेने पटलातल्या एका रेणूचे दोन तुकडे होतात. एक तुकडा पेशीच्या आत धावतो आणि कॅल्शियम मोकळं करतो. दुसरा पटलातच राहतो. त्याचं नाव डायअसिलग्लिसेरॉल. आपण त्याला ‘डॅग’ म्हणू. हा डॅग प्रोटीन कायनेज सी नावाच्या विकराला, म्हणजे पीकेसीला, जागं करतो. त्याच्यामार्फत ‘वाढ’, ‘दुरुस्ती कर’ असे निरोप आत जातात.

आता महत्त्वाचं. हा डॅग फार टिकत नाही. पेशी लगेच त्याचं दुसऱ्या रेणूत रूपांतर करून टाकते. दारावरची बेल एकदा वाजली, काम झालं, बेल गप्प. ती गप्प झाली नाही तर काय होतं, याचं उत्तर एका अशा झाडाने दिलं ज्याचं नाव ऐकून तुम्ही हसणार आहात. जमालगोटा!

हसून घ्या. आपल्या वर्गात कोण कुणाच्या डब्यात जमालगोटा घालणार होतं, ते मी इथे सांगत नाही. आयुर्वेदात याला जयपाळ म्हणतात, शुद्ध करून तीव्र रेचक म्हणून वापरतात. याच्या बियांचं तेल कातडीला लागलं की आग होते, फोड येतात. आयझॅक बेरेनब्लम यांनी 1941 च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये हे तेल उंदरांच्या कातडीवर वापरून पाहिलं. आधी कॅन्सर घडवणारं द्रव्य अगदी थोडं लावलं. तेवढ्याने काही झालं नाही. नुसतं जमालगोट्याचं तेल लावत राहिलं तरी जवळजवळ काही झालं नाही. पण आधी ते द्रव्य आणि मग आठवड्यामागून आठवडे तेल, असं केलं की गाठी आल्या. पुढच्या प्रयोगांतून आणखी दोन गोष्टी कळल्या. क्रम उलटा केला, आधी तेल आणि मग द्रव्य, तर गाठी येत नाहीत. आणि तेलाच्या दोन खेपांमध्ये पुरेसं अंतर ठेवलं तरीही येत नाहीत.

म्हणजे कॅन्सर हा एका फटक्यात होणारा अपघात नाही. पेशीच्या जनुकात एक बिघाड होतो, तो तसाच निद्रिस्त पडून राहतो, आणि मग कुणीतरी ‘वाढ, वाढ’ असं सतत म्हणत राहावं लागतं. पहिली पायरी मागे घेता येत नाही. दुसरी मात्र बऱ्याच अंशी थांबवता येते.

जमालगोट्यातलं हे काम करणारं द्रव्य, फोर्बॉल एस्टर, 1960 च्या दशकात वेगळं काढलं गेलं. जपानमध्ये कोबे इथल्या यासुतोमी निशिझुका यांच्या गटाने 1982 साली दाखवलं की हा रेणू डॅगची जागा घेतो आणि थेट पीकेसीला जागं करतो. फरक इतकाच की डॅग चटकन नाहीसा होतो, हा होत नाही. बेलच्या बटणात काडी अडकवून ठेवावी तसं. (जुलाबासाठी कधी जयपाळाचं औषध घेतलेल्यांनी घाबरू नये. उंदराच्या कातडीवर महिनोन्महिने तेल चोळणं ही निराळी गोष्ट आहे.)

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पीकेसीला गप्प केलं की कॅन्सर बरा, असं लोक समजले आणि तशी औषधंही करून पाहिली. गुण आला नाही. मग 2015 साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या अलेक्झांड्रा न्यूटन यांच्या गटाने माणसांच्या गाठींमधले पीकेसीचे बिघाड तपासले. तपासलेल्यांपैकी बहुतेक बिघाडांनी पीकेसी जास्त जोरात चालत नव्हतं, उलट बंद पडलं होतं! बेल फार वेळ वाजत राहिली की पेशी कंटाळून बेलच काढून टाकते. जमालगोट्याच्या द्रव्यानेही शेवटी पीकेसी संपूनच जातं. म्हणजे ज्याला आपण आरोपी समजत होतो, तो बऱ्याच ठिकाणी पहारेकरी निघाला. तेहतीस वर्षांनी असा निकाल फिरतो. माझ्या क्षेत्रात याला पराभव म्हणत नाहीत, सोमवार म्हणतात.

माझं रोजचं काम या प्रश्नाभोवतीच आहे. कातडीच्या पेशी बशीत वाढवायच्या. डॅगला चिकटणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्याला जेलीफिशपासून मिळालेलं हिरवं चमकणारं प्रथिन जोडायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं : इशारा दिल्यावर पटलाची कड कधी उजळते आणि किती वेळाने विझते. निरोगी पेशीत, बिघडलेल्या पेशीत, पुन्हा पुन्हा ओरखडलेल्या पेशीत. निरोप किती मोठा आहे यापेक्षा तो वेळेवर पुसला जातो का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, उंदीर आणि जपान झालं, आपलं काय? आपलंही आहे, आणि जुनं आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं. तिथे काम करणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी सूर्याबाईंबरोबर 1945 साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात ‘धोतराच्या कॅन्सर’ची नोंद होती. धोतर किंवा लुगडं वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी आवळून नेसल्याने कातडी घासते, तिचा रंग जातो, ती जाड होते, मग तिथे बरी न होणारी जखम होते आणि काहींना त्यातून कॅन्सर. काश्मीरमध्ये अंगाशी निखाऱ्याची कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर असाच कॅन्सर होतो. सारखी होणारी जखमही जमालगोट्यासारखंच काम करते, हे नंतर उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. ‘दुरुस्ती कर’ हा निरोप पुसलाच जात नाही.

खानोलकरांच्याच हाताखाली तयार झालेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. मी बशीत पेशी वाढवते, त्या विद्येची इथली सुरुवात तिथे आहे. निवृत्तीनंतर त्या आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणावर काम करत राहिल्या.

आता शेवटचा भाग. हा मला कुणी सांगायला सांगितलेला नाही.

दिंडोरीकडे माझे एक चुलत काका होते. द्राक्षबागेत अनवाणी फिरायचे. टाचेला एक काळसर डाग होता. काटा मोडला असेल, भोवरी असेल, असं सगळ्यांनी धरलं. ते ब्लेडने तासायचे, कुरूपाची पट्टी लावायचे. दीड वर्षाने जांघेत गाठ आली तेव्हा तपासणी झाली. मेलानोमा होता. काका त्याच वर्षी गेले.

मेलानोमा हा रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्या सावळ्या कातडीमुळे तो आपल्याकडे गोऱ्या लोकांपेक्षा फार कमी होतो, हे खरं. पण होतो तेव्हा बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो : तळपाय, तळहात, नखाखाली. जमैकाचा गायक बॉब मार्ली याला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. 1981 मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. हा कॅन्सर एक मिलिमीटरपेक्षा पातळ असताना काढला तर बहुतेक माणसं बरी होतात. सगळा फरक केव्हा दिसला यावर असतो.

म्हणून तीनच गोष्टी लक्षात ठेवा. तळव्यावरचा काळा डाग वाढत असेल, किंवा एकाच नखात काळी रेघ येऊन रुंद होत असेल, तर तासू नका, दाखवा. कुठलीही जखम चार-सहा आठवड्यांत भरली नाही, विशेषतः जुन्या भाजल्याच्या व्रणात उघडली असेल, तर मलम बदलत बसू नका, दाखवा. आणि त्वचारोगतज्ज्ञ तुकडा काढून तपासू म्हणाले तर ‘सुई लावली की पसरतो’ म्हणून पळून जाऊ नका. ती भीती निराधार आहे. पसरतो तो उशीर केल्याने.

आपण सगळे पन्नाशी ओलांडलेले आहोत. वाकून स्वतःचा तळपाय बघणं काहींना अवघड जाईल, हे समोर दिसतंच आहे! तेव्हा नवऱ्याला, बायकोला, नातवंडाला सांगा. घरी आई-वडील असतील तर त्यांचे पाय धुताना तुम्ही बघा. वाकून नमस्कार करायची सवय आपल्याला शाळेनेच लावली आहे. आता नमस्कार करताना पायांकडे जरा नीट बघत जा.