पिंजऱ्यातले झेब्रा फिंच : दाणा, पाणी आणि निगा



गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याविषयी आपण या कार्यक्रमात नेहमीच बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. मुलांच्या हट्टापायी बाजारातून लाल चोचीच्या चिमुकल्या पक्ष्यांची जोडी घरात येते. पंधरा दिवसांत एक मरतो, मागोमाग दुसरा. मग आपण म्हणतो, "आपल्याकडं ही पाखरं टिकत नाहीत." तसं नाही मंडळी. नीट सांभाळला तर हा पक्षी पाच-सात वर्षं जगतो.

याचं नाव झेब्रा फिंच. मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळावरचा, थव्यानं राहून गवताचं बी टिपणारा. लांबी सुमारे ४ इंच, वजन अवघं १२ ग्रॅम. नराच्या गालावर नारिंगी ठिपका आणि गळ्याखाली काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा असतात. मादी करडी, तिची चोच जरा फिकट.

आपल्या ज्वारी-बाजरीवर येणाऱ्या मुनिया दिसायला याच घराण्यातल्या. म्हणून काही पोरं जाळं लावून त्या धरतात. ते करू देऊ नका. आपल्या रानातले मुनिया आणि पोपट धरणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. झेब्रा फिंच मात्र पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला. म्हणून त्याला "मोकळं करतो" म्हणून उडवूनही देऊ नये. दाणापाणी कुठं शोधायचं हे त्याला उमगत नाही.

आता दाण्याकडे वळू, कारण बहुतेक पक्षी इथंच दगावतात. राळा आणि वरी हे त्याचं मुख्य खाणं. तो दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते, आत दाणा एकही नसतो. एवढ्याशा जिवाला दिवसभराचा उपास सोसत नाही. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा, टरफलं उडवा, मग किती शिल्लक आहे ते बघा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पेरणीतून उरलेलं बियाणं पिंजऱ्यात टाकू नका. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं, म्हणून तर ते रंगीत दिसतं. धुतलं तरी ते खाण्याजोगं होत नाही. कोंबड्यांच्या बाबतीत हे आपल्याला ठाऊक आहे, पण "चिमणीएवढ्या पाखराला चार दाण्यांनी काय होतंय" असं मनात येतं. बारा ग्रॅमच्या देहाला चार दाणे पुष्कळ झाले! पालक, कोथिंबीर जरूर द्या, पण फवारणी केलेल्या वाफ्यातली नको. चुलीचा धूर आणि डासांच्या अगरबत्तीचा धूरही या पक्ष्यांना फार लवकर बाधतो. पिंजरा स्वयंपाकघरात टांगू नये.

मादीला अंड्यासाठी चुना लागतो. कोंबडीच्या अंड्याचं कवच उकळून, वाळवून, बारीक करून वाटीत ठेवा, नाहीतर समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवा. चुना कमी पडला की अंडं पोटात अडकून मादी मरते.

पिंजरा उंच नको, लांब हवा. निदान अडीच फूट. हा पक्षी आडवा उडतो. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून कमी ठेवा. बसायला कडुनिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या काड्या लावा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. कोंबड्यांच्या खुराड्याजवळ पिंजरा नको, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. एकटा पक्षी कधीच ठेवू नये. थव्यातला जीव तो, एकटा झुरतो.

घरट्याला मातीचं बोळकं आडवं बांधा, आत वाळलं गवत टाका. सुताचे दोरे टाकू नका, पिल्लांच्या पायात गुंतून पाय जातो. मादी चार ते सहा अंडी घालते. नर-मादी आळीपाळीनं उबवतात आणि सुमारे दोन आठवड्यांत पिल्लं निघतात. तीन आठवड्यांनी ती बोळक्याबाहेर येतात, पण आणखी दोन आठवडे आईबापच भरवतात. तोवर वेगळी करू नका. दोन-तीन विणी झाल्या की बोळकं काढून घ्या. ते कायम लटकत राहिलं तर मादी अंडी घालत राहते आणि खंगून जाते. जास्त पिल्लं, जास्त पैसा, असा हिशोब मांडणाऱ्यांच्या माद्याच आधी मेलेल्या मी पाहिल्या आहेत.

गाणं फक्त नर गातो. नर-पिल्लू ते बापाकडून ऐकून शिकतं, जसं आपलं पोर बोलायला शिकतं. आणखी एक नवल सांगतो. पिल्लं निघण्याच्या आधीच्या चार-पाच दिवसांत हवा तापली, तर आईबाप अंड्यांजवळ एक खास आवाज काढतात. तो ऐकलेली पिल्लं उन्हाळ्यात अंगानं लहान राहतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे २०१६ मध्ये दाखवून दिलं.

हा पक्षी दुखणं लपवतो. पिसं फुगवून, डोळे मिटून तळाशी बसलेला दिसला म्हणजे दुखणं बरंच पुढं गेलेलं असतं. त्याला लगेच वेगळ्या, उबदार खोक्यात ठेवा, पाणी जवळ द्या आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जाताना तो काय खात होता तो दाणा पुडीत बांधून सोबत न्या.