कॅलेंडरच्या पाठीवरचे उपदेश



शाल मिळाली, नारळ मिळाला, आता बोलणं भाग आहे. खरं तर मी आयुष्यभर चर्चमध्ये शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा माणूस. उपदेश करणं मला कधी जमलं नाही, ऐकणं मात्र जमलं. म्हणून आज बोलायचं ते ऐकलेल्या माणसांबद्दलच.

आपण लिहिणारी माणसं राळेगणसिद्धीत जमलो आहोत. येताना नालाबांध, पाझर तलाव दिसले. १९७५ साली अण्णा हजारे इथे परतले, यादवबाबांच्या देवळापासून कामाला लागले आणि गावाने श्रमदान केलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या मनात आलं ते वेगळंच. रविवारी सकाळी सायकल काढून कुठल्याशा वस्तीवर उपासना चालवायला जाणारा बिनपगारी उपदेशक, तोही श्रमदानच करतो. पण श्रमदानातून बांध उभा राहतो, लोक तो बघायला येतात. उपदेशकाचं काम अर्ध्या तासात हवेत विरतं. त्याची मोजणी होत नाही.

मेथॉडिस्ट मंडळीत अशा माणसाला 'लोकल प्रीचर' म्हणतात. पाळकाची दीक्षा नाही, पोटाला दुसरा धंदा, आणि गाठीला उपदेशाचा परवाना. या प्रथेची सुरुवात चिडचिडीतून झाली, हे मला फार आवडतं. १७४० च्या सुमाराला मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली लंडनबाहेर असताना टॉमस मॅक्सफील्ड हा दीक्षा नसलेला तरुण उपदेश करू लागला. वेस्ली संतापून परतले. त्यांच्या आईने, सुझॅनाबाईंनी, त्यांना अडवलं: आधी त्याचं ऐक, मग ठरव. त्यांनी ऐकलं, आणि गप्प बसले. पुढचा सगळा इतिहास त्या गप्प बसण्यातून निघाला.

हे उपदेशक बहुतेक मजूर, कारागीर, शेतकरी. इंग्लंडमधल्या टॉलपडल गावचा जॉर्ज लव्हलेस हा त्यांच्यातलाच शेतमजूर. मजुरी आठवड्याला ९ शिलिंगांवरून ७ वर उतरली तेव्हा त्याने माणसं जमवली, संघटना बांधली, आणि १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षांच्या शिक्षेवर ऑस्ट्रेलियाला धाडलं गेलं. व्यासपीठावर बोलायला शिकलेला माणूस मालकासमोरही बोलतो. अशी माणसं म्हातारी झाली, आजारी पडली की त्यांच्याकडे कोण बघणार? म्हणून १८४९ मध्ये त्यांच्या परस्पर साहाय्यासाठी संस्था निघाली. दया म्हणून नव्हे, हक्काची मदत म्हणून.

आता आपल्याकडे या. नगर जिल्हा मेथॉडिस्टांचा नव्हे. इथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारत मंडळी स्थापन झाली, तिच्यात ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट आले, अमेरिकन परंपरेचे बाहेर राहिले. पण पाटी कोणतीही असो, वस्तीवरचा माणूस एकच. त्याला आपण 'मास्तर' म्हणतो. आठवडाभर शाळा, रविवारी उपासना. आणि मास्तरांच्या बरोबरीने बायबल वुमन. घरोघर फिरणाऱ्या या बायकांच्या चपला किती झिजल्या, याचा हिशेब कोणत्या अहवालात शोधायचा?

मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ मध्ये नगरला धर्मशिक्षणाची शाळा काढली, ती नोंद आहे. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, तीही नोंद आहे. मिशनचं वेतन नाकारून मुंबईत राहिलेले आणि पुढे मेथॉडिस्टांना मिळालेले जॉर्ज बोवेन यांच्या नावाचं चर्च मुंबईत उभं आहे. पण टिळक आणि बोवेन लिहिते होते. टिळकांच्या घरात तर आठवणी लिहून ठेवणाऱ्या लक्ष्मीबाई होत्या! ज्यांच्या घरात लक्ष्मीबाई नव्हत्या त्या मास्तरांचं काय?

मी लहानपणी ऐकलेले एक मास्तर सांगतो. नाव घेत नाही, त्यांना आवडलं नसतं. पेरणाऱ्याचा दाखला ते सांगत, तेव्हा पुस्तकातला गालील पारनेरच्या माळावर उतरायचा. वाटेवर पडलेलं बी म्हणजे गाडीवाटेवरचं, चिमण्यांचं. खडकाळ जागा म्हणजे वरच्या अंगाचं मुरमाड: पहिल्या पावसात बाजरी तरारते आणि उघडीप पडली की माना टाकते. काटेरी झाडं म्हणजे हरळी आणि कुंदा. खुरपून दमाल, मुळी राहतेच.

एकदा मोहरीच्या दाण्याचा दाखला चालला होता. दाण्याचं झाड होतं आणि पाखरं त्याच्या फांद्यांवर बसतात, असं त्यांनी सांगितलं. एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "मास्तर, मोहरीवर कुठं पाखरू बसतंय?" मास्तर थांबले. म्हणाले, "आजी, पुढच्या रविवारी सांगतो." पुढच्या रविवारी खिशातून उंबर काढलं, तळहातावर फोडलं. चिलटं उडाली, आम्ही पोरं हसलो. आत राईहून बारीक दाणे होते. "आजी, आता ओढ्यावरचं झाड बघा." म्हातारीने मान डोलावली.

भाषांतरावरच्या चर्चासत्रांत मी पुष्कळ बसलो आहे. त्या उंबराच्या तोडीचं मला तिथे काही मिळालं नाही. आणि हे वाङ्मय कुठे छापलं गेलं? कुठेच नाही. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा इतिहास आपण छापलेल्या कागदावरून लिहितो. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांची पदं छापली गेली म्हणून उरली. बोललेलं गेलं.

याच मास्तरांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये त्यांच्याबद्दल चार वाक्यं बोलली गेली. नंतर त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "एसटीचं भाडं तरी द्यायचं होतं हो त्यांनी." तक्रारीचा सूर नव्हता. हिशेब सांगावा तसं सांगितलं. चाळीस वर्षांचं भाडं.

म्हणून माझं म्हणणं दोन पातळ्यांवर आहे, आणि पहिली पैशाची आहे. वस्तीवर जाणाऱ्याला दानार्पणातून प्रवासखर्च मिळावा. वर्षाला एखादं पुस्तक. आजारपणात औषधाचा खर्च, आणि तो मागायला न लावता. उपदेशकाच्या विधवेने पाळकसाहेबांच्या ओसरीवर ताटकळत बसू नये. याला ठराव लागत नाही, एक वही आणि एक खजिनदार लागतो.

दुसरी पातळी आपली, लेखकांची. संगमरवरी पाटीवर नाव कोरणं सोपं आहे. मी तिच्या विरोधात नाही, पण पाटीला बोलता येत नाही. त्यापेक्षा म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. कुठल्या वस्तीवर कोण येत असे, कशावर बसून येई, कोणता दाखला कसा सांगे, ते त्यांच्या बोलीत उतरवून घ्या. प्रमाणभाषेत 'सुधारू' नका, तेवढी कृपा करा. घरात जुनी वही असेल तर रद्दीत घालण्यापूर्वी विचारा.

मास्तरांच्या मुलीने मला एक गठ्ठा दिला. मास्तर उपदेशाची टिपणं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर काढत. १९७२ च्या, दुष्काळातल्या एका पानाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने चार ओळी आहेत: हजेरी ४. गाडी चुकली. चालत आलो. वचन: पेरणारा.

खाली वस्तीचं नाव आहे, ते पुसट झालंय. मला लागत नाही. पान मी बरोबर आणलं आहे. या भागातल्या कुणाला वाचता आलं तर चहाच्या वेळी मला भेटा.