चित्रसंकलन : साध्या प्रणालीकडून व्यावसायिक प्रणालीकडे



शाळेचे स्नेहसंमेलन किंवा गावातील बंधाऱ्याचे काम चित्रित करून ते संगणकावर जुळविणारे हौशी संकलक आज ठिकठिकाणी आढळतात. आरंभ साध्या, विनामूल्य प्रणालीवर होतो. हात बसला, की ती अपुरी पडू लागते आणि केलेले काम व्यावसायिक प्रणालीत कसे न्यावे, हा प्रश्न उभा राहतो.

ज्याला ‘प्रोजेक्ट’ म्हणतात तो तयार चित्रपट नव्हे. कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत घ्यावा, कोणत्या क्रमाने लावावा, आवाज किती ठेवावा, याचे ते टिपण होय. हे टिपण प्रत्येक प्रणाली आपापल्या लिपीत लिहिते. मोडी न जाणणाऱ्यापुढे मोडी दप्तर उघडावे, तशी परक्या प्रणालीची अवस्था होते. चित्रे शाबूत असतात. जुळणीमागील परिश्रम मात्र वाया जातात.

एकाच घराण्यातील प्रणालींत ही अडचण कमी. ॲपलची आयमूव्ही आणि फायनल कट प्रो या दोन्ही १९९९ मध्ये आल्या. आज आयमूव्हीतील प्रोजेक्ट एका आज्ञेने फायनल कट प्रोमध्ये पाठविता येतो. पण घराणे एक म्हणून निश्चिंत राहणेही बरे नव्हे. जून २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स ही पायापासून नव्याने रचलेली आवृत्ती निघाली. नवशिक्यांचे आयमूव्हीतील काम तीत उघडे. मुरलेल्या संकलकांनी फायनल कट प्रो ७ मध्ये केलेले काम मात्र उघडत नसे! व्यावसायिकांत मोठी नाराजी पसरली, ती स्वाभाविकच होती.

मायक्रोसॉफ्टच्या मूव्ही मेकरची कथा अधिक खेदजनक. त्या प्रणालीचे वितरण जानेवारी २०१७ मध्ये थांबले आणि तिच्या टिपणांना वाचक दुर्मीळ झाले.

दोन परक्या प्रणालींमध्ये ‘संपादन-निर्णय सूची’ दुभाष्याचे काम करते. फितीवरील संकलनाच्या काळापासून रूढ असलेली ही सूची तुकड्यांचे आरंभ व शेवट सांगते. शीर्षके व रंगसंस्कार तिच्यात नीट येत नाहीत. नवशिक्यांच्या प्रणाली तर ती सहसा देतच नाहीत.

यास्तव स्थलांतरापूर्वी मूळ चित्रफिती, छायाचित्रे व संगीत एकाच ठिकाणी जपावे आणि जुन्या प्रणालीतून संपूर्ण चित्रपटाची एक प्रत काढावी. नव्या प्रणालीत जुळणी पुन्हा करावी लागली, तर ती प्रत शेजारी लावून एकेक तुकडा ताडून पाहता येतो.