हापशीवरचा विटाळ

(बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलींच्या शिबिरात केलेलं भाषण)



मनुवाद्यांना शिव्या घालणं आपल्याला पाठ आहे. आज मी माझ्याच घरातलं काढणार आहे. झोंबलं तर झोंबू द्या.

मेहकर तालुक्यातलं माझं गाव. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की सगळा भार बौद्धवाड्यातल्या एका हापशीवर. मी तेव्हा दहावीची परीक्षा दिलेली. मांगवाड्यातली एक बाई कडेवर लेकरू घेऊन रांगेत लागली. माझी आत्या खेकसली, "बाजूले सरक वं. आमच्या हंड्याले तुहा हात लागन." बाई सरकली. सगळ्यांचे हंडे भरले, मग तिचा.

त्याच दुपारी आत्यासोबत मी एका पाटलाच्या वावरात पऱ्हाट्या उपटायला गेले. तहान लागली. पाटलीणबाईनं वरून पाणी ओतलं, आत्यानं खाली ओंजळ धरली. सकाळी हंडा आवरणारे हात तेच. मी दोन्ही वेळा गप्प.

बाबासाहेबांनी हिलाच श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. वरच्याची लाथ खायची आणि खालच्याला मारायची. म्हणून तर उतरंड टिकते.

१८५५ साली मुक्ता साळवे या मांगाच्या चौदा वर्षांच्या पोरीनं 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. फुल्यांच्या शाळेत शिकलेली ती. दुःख तिनं मांग-महार दोघांचं मांडलं, पेशवाईला सोलून काढलं. पण महारही मांगाच्या सावलीचा विटाळ मानतात, हेही लपवलं नाही. आपण भाषणात तिचं नाव घेतो, एवढंच गाळतो.

१९५६ साली आपण देव टाकले. पण पोर मळकी दिसली की "मांगिणीवानी दिसतेस" म्हणणारी जीभ टाकली नाही. सून बघायला जातो तेव्हा 'उजळ' मागतो. ही कुणाची नजर आपल्या डोळ्यांत बसलीय?

१ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाची वाट मोकळी केली. त्यावर जरूर भांडा. नोकऱ्यांचे आकडे मांडून भांडा. पण जिचा हंडा आपण शेवटी ठेवला, तिला "फूट पाडू नको" म्हणायला आपल्याला तोंड आहे काय?

आत्या आता थकलीय. मी तिला त्या दिवसाचं विचारलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याय खाली कोनी तं पायजे होतं ना वं माय."

पोरींनो, शहरातल्या तुमच्या वस्तीत नळावर उभ्या राहा. कुणाचा हंडा शेवटी भरतो ते बघा. तो आधी लावा. घोषणा मग देऊ.

जयभीम.