आलेल्या लाभांशाचे काय करायचे?



लेखापाल आणि करसल्लागारांच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या सगळ्या प्रश्नांचा आढावा घेण्याची प्रथा आहे. मी आज ती मोडून एकाच विषयावर बोलणार आहे, कारण कोल्हापूर, सांगली, नाशिक, सोलापूर इथून आपल्याकडे येणारे उद्योजक तोच विषय घेऊन येतात. वडिलांनी काढलेली फाउंड्री आहे, जोडीला पेट्रोल पंप आहे, थोरल्याने सौर ऊर्जेची कामे घेतली आहेत, धाकट्याच्या नावावर गोदामे आणि मंगल कार्यालय आहे. ‘साहेब, हे सगळे एका छत्राखाली आणायचे आहे, होल्डिंग कंपनी काढून द्या.’ आपण काढून देतो. नोंदणी होते, शेअर्स वर्ग होतात, कराचा हिशेब जमतो. त्या कंपनीने दुसऱ्या दिवसापासून काय करायचे, हे मात्र ते विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही.

होल्डिंग कंपनीला खरे काम एकच असते. खालच्या कंपन्यांकडून वर आलेल्या पैशाचे काय करायचे, हे ठरवणे. त्याच धंद्यात परत घालायचा, दुसऱ्या धंद्याला द्यायचा, नवा धंदा विकत घ्यायचा, घरच्यांना वाटायचा की नुसता सांभाळून ठेवायचा, एवढेच पर्याय. यंत्र कोणते घ्यावे, गिऱ्हाइकाला उधारी किती द्यावी, हे प्रश्न तिच्या टेबलावर येताच कामा नयेत. ते आले, तर ती होल्डिंग कंपनी राहत नाही. वडिलांची जुनी केबिनच नव्या नावाने चालू राहते.

थोडे मागे जाऊ. ३ एप्रिल १९७० पर्यंत आपल्या देशात मॅनेजिंग एजन्सीची पद्धत होती. कंपनीत घराण्याचा हिस्सा अल्प असला तरी कारभाराचा करार घराण्याच्या पेढीकडे असे, आणि त्या करारावर गिरण्या आणि कारखाने चालत. कायद्याने ती पद्धत संपवली आणि ताबा करारावरून उतरून शेअर्सवर आला. टाटांसारख्या समूहातही कित्येक कंपन्यांमधला टाटा सन्सचा हिस्सा फार पातळ होता. १९९१ नंतर रतन टाटांनी तो वाढवायला घेतला, आणि त्याच काळात काही गोष्टी सोडूनही दिल्या. साबण बनवणारी टॉम्को १९९३ मध्ये हिंदुस्थान लिव्हरकडे गेली, लॅक्मे विकली, पुढे सिमेंटच्या एसीसीतूनही समूह बाहेर पडला. साबण आणि सिमेंट सोडताना भावना दुखावल्या असणारच. पण काय ठेवायचे हे ज्याला ठरवायचे आहे, त्याला काय सोडायचे हेही ठरवावेच लागते.

आता पुण्याचे उदाहरण घेतो, कारण होल्डिंग कंपनी समजून घ्यायला मला याहून चांगला धडा सापडलेला नाही. २००७ पर्यंत आकुर्डीची बजाज ऑटो ही एकच कंपनी दुचाक्या आणि रिक्षा बनवत होती, अलियान्झबरोबरच्या दोन विमा कंपन्यांची मालकी सांभाळत होती, कर्ज देणाऱ्या बजाज ऑटो फायनान्समध्ये तिचा मोठा हिस्सा होता, तिच्या पवनचक्क्या होत्या आणि वर हजारो कोटींची मोकळी गुंतवणूक होती. शेअर घेणाऱ्याला कळत नसे की आपण मोटारसायकलीच्या धंद्यात पैसे घालतो आहोत, विम्याच्या की नुसत्या तिजोरीच्या. विभाजनाची योजना ३१ मार्च २००७ पासून लागू धरली गेली आणि २००८ च्या मे महिन्यात नव्या कंपन्यांचे शेअर्स बाजारात आले. वाहने नव्या बजाज ऑटोकडे गेली, वित्त, विमा आणि पवनऊर्जा बजाज फिनसर्व्हकडे. जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट या नावाने उरली. आज तिच्याकडे बजाज ऑटोचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक आणि फिनसर्व्हचा चाळीस टक्क्यांच्या आसपास हिस्सा आहे, आणि तिच्या डोक्यावर कर्ज नाही.

या रचनेतली मेख तिच्या दोन कंपन्यांच्या स्वभावात आहे. बजाज ऑटोला नफ्याच्या मानाने नवे भांडवल कमी लागते, त्यामुळे ती भरघोस लाभांश वर पाठवते. फिनसर्व्हखालच्या बजाज फायनान्सचे (आधीची बजाज ऑटो फायनान्स) उलटे. कर्ज देणारी कंपनी वाढली की तिला स्वतःचे भांडवलही वाढवावे लागते, म्हणून फिनसर्व्हकडून वर्षानुवर्षे नाममात्र लाभांश आला. एक दुभती, एक वाढती. वाढतीकडून दूध मागायचे नाही, हा संयम होल्डिंग कंपनीने दाखवला, आणि त्या संयमातूनच समूहाच्या मूल्यातला मोठा वाटा उभा राहिला. घरात बसून हा संयम पाळणे फार कठीण असते. ‘त्याच्या कंपनीतून काहीच येत नाही, सगळे माझ्याच कंपनीतून येते,’ हे वाक्य आपण सर्वांनी आपापल्या अशिलांच्या तोंडून ऐकलेले आहे. राजीव बजाज वाहनांकडे आणि संजीव बजाज वित्ताकडे, ही विभागणी झाली तेव्हा मालकी एकत्र आणि कारभार वेगळा, असे कागदावर आधीच आलेले होते. त्याच सुमारास आधीच्या पिढीतला भावाभावांचा वाद मिटून साखर आणि केशतेलाचे धंदे शिशिर बजाज यांच्या शाखेकडे गेले होते. त्या अनुभवाची किंमत घराण्याला ठाऊक होती.

याच समूहातले दुसरे, फारसे न चर्चिले जाणारे प्रकरण म्हणजे महाराष्ट्र स्कूटर्स. १९७५ मध्ये निघालेली ही कंपनी, कारखाना साताऱ्याला, ‘प्रिया’ स्कूटर तिचीच. शासनाच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचा हिस्सा २७ टक्के, बजाजचा २४. स्कूटरचे दिवस सरले आणि कंपनीकडे उरली ती मुख्यतः बजाज समूहातल्या शेअर्सची गुंतवणूक. महामंडळाने आपला हिस्सा विकायचे २००३ मध्ये ठरवले. भावावर एकमत होईना. लवाद झाला, न्यायालये झाली, आणि तो हिस्सा बजाज होल्डिंग्जच्या हाती आला २०१९ मध्ये. सोळा वर्षे! दोन्ही पक्ष सधन, दोघांकडे उत्तम वकील, आणि भांडण फक्त एका आकड्याचे. आपल्या अशिलांकडे सोळा वर्षे नसतात. म्हणून मी प्रत्येक कौटुंबिक करारात एका कलमावर अडून बसतो: बाहेर पडणाऱ्याच्या शेअर्सचा भाव कोणत्या सूत्राने, कोणत्या ताळेबंदावर, कोण ठरवणार आणि पैसे किती हप्त्यांत मिळणार. संबंध गोड असताना हे कलम लिहिणे सगळ्यांना अभद्र वाटते. ते गोड असतानाच लिहिता येते.

आता कर्जाकडे वळतो, आणि इथे मी जरा कठोर बोलणार आहे. खालच्या कंपनीने कर्ज काढले, तर तिच्याकडे यंत्र असते, विक्री असते, वसुली असते. वरच्या कंपनीकडे फक्त शेअर्स असतात. तिने कर्ज काढले की शेअर्स गहाण पडतात, भाव उतरला की आणखी शेअर्स गहाण ठेवावे लागतात, आणि एका वाईट आठवड्यात पिढ्यांची मालकी हातातून जाते. जानेवारी २०१९ मध्ये झीचा शेअर एका दिवसात पाव हिश्श्याहून जास्त कोसळला. प्रवर्तकांच्या वरच्या कंपन्यांवर, मुख्यतः पायाभूत सुविधांच्या कामांमुळे, कर्ज साचले होते. सुभाष चंद्रांनी जाहीर पत्र लिहून ते मान्य केले. चित्रवाणीचा धंदा नफ्यात होता, तरी त्यातला प्रवर्तकांचा हिस्सा पुढे चार टक्क्यांच्या आसपास आला. चांगला धंदा हातचा गेला तो वरच्या मजल्यावरच्या उसनवारीने.

बजाजच्याच बाबतीत याची उलट बाजू दिसते. ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये बजाज ऑटोने २००७ पासून गुंतवणूक केली होती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिला सावरायला एकूण सुमारे ८० कोटी युरो लागले. तो भार वाहनांच्या कंपनीने आपल्या नेदरलँड्समधल्या उपकंपनीमार्फत उचलला. होल्डिंग कंपनीच्या ताळेबंदाला हात लागला नाही. जोखीम घेणे वाईट नाही. ती कोणत्या मजल्यावर घेतली, याला महत्त्व आहे.

कर्जाखालीच आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था २०१८ मध्ये बुडाली. ती घराण्याची कंपनी नव्हती, पण एकाखाली एक अशा शेकडो कंपन्यांच्या उतरंडीत खरे कर्ज किती, हे शेवटपर्यंत कोणाला दिसले नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने मुख्यतः समूहातलेच शेअर्स बाळगणाऱ्या, म्हणजे कोअर इन्व्हेस्टमेंट कंपन्यांचे नियम आवळले आणि एका समूहात अशा कंपन्यांचे दोनच थर चालतील असे २०२० मध्ये सांगितले. निव्वळ मालमत्तेपैकी ९० टक्के समूहातच, त्यातही ६० टक्के भागभांडवलात, आणि बाहेरची देणी समायोजित निव्वळ मूल्याच्या अडीच पटींच्या आत. तुम्हाला हे पाठ आहे. माझा आग्रह असा की अशिलाची मालमत्ता १०० कोटींच्या खाली असली आणि नोंदणीची गरज नसली, तरी त्याला हे नियम समजावून सांगा. अडीच पट ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. घराण्यासाठी शहाणपणाची मर्यादा माझ्या मते शून्याच्या जवळ आहे.

बाहेरच्या भागधारकांबद्दल बोललो नाही तर हे भाषण एकांगी होईल. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई शेअर बाजारात एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचा शेअर साडेतीन रुपयांवरून एका सत्रात २,३६,२५० रुपयांवर गेला. वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हणून छापले. चमत्कार काहीच नव्हता. एशियन पेंट्सच्या संस्थापकांपैकी वकील आडनावाच्या कुटुंबाची ही गुंतवणूक कंपनी. शेअर्स सगळे मिळून दोन लाख, आणि पोटात एशियन पेंट्सचा सुमारे तीन टक्के हिस्सा. पुस्तकी मूल्य शेअरमागे पाच लाखांच्या वर होते, आणि व्यवहार मात्र वर्षानुवर्षे जवळजवळ ठप्प. सेबीने अशा कंपन्यांसाठी भावशोधाचा विशेष लिलाव घ्यायला लावला, तेव्हा खरी किंमत उघड्यावर आली. आणि तरीही ती त्या दिवशी पुस्तकी मूल्याच्या निम्म्यावरही गेली नाही. होल्डिंग कंपनीला बाजार सूट लावूनच भाव देतो, कारण आतली संपत्ती आपल्यापर्यंत कधी पोहोचेल याची बाहेरच्या माणसाला खात्री नसते. सूट थोडी असेल तर ती समजू शकते. ती प्रचंड असेल, तर घराण्याने छोट्या भागधारकाला दाराबाहेर उभे केले आहे, असे मी म्हणेन.

स्वीडनच्या वॉलेनबर्ग घराण्याने होल्डिंग कंपनीच्या या प्रश्नांवर शंभर वर्षांपूर्वीपासून काम केले. तिथल्या नव्या कायद्याने बँकांना उद्योगांचे शेअर्स बाळगणे अवघड केले, तेव्हा १९१६ मध्ये त्यांनी आपल्या बँकेतून ‘इन्व्हेस्टर’ ही कंपनी वेगळी काढली. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या दापोडीतली अ‍ॅटलस कॉप्को आपल्याला ओळखीची. तिचा सर्वात मोठा भागधारक हीच कंपनी. एरिक्सन, एबीबी, साब, अ‍ॅस्ट्राझेनेका याही तिच्या पोटात आहेत. ती आपले निव्वळ मालमत्ता मूल्य दर तिमाहीला जाहीर करते आणि कर्ज मालमत्तेच्या साधारण दहा टक्क्यांच्या आत ठेवते. तिच्या वर मुख्य मालक म्हणून घराण्यातली माणसे थेट बसलेली नाहीत. तिथे प्रतिष्ठाने आहेत, आणि वर आलेला लाभांश स्वीडनमधल्या संशोधनाला जातो. टाटा सन्सचा सुमारे ६६ टक्के हिस्सा विश्वस्त निधींकडे आहे, तो याच जातीचा विचार.

आपल्या अशिलांना प्रतिष्ठाने काढायला सांगा, असे मी म्हणत नाही. पण काही गोष्टी लगेच करता येतील. घरातल्या माणसाला कामाचा पगार वेगळा आणि मालकीचा लाभांश वेगळा मिळाला पाहिजे. दोन्ही एकाच खात्यातून, एकाच तोंडी हिशेबाने जात असतील तर भांडण ठरलेले. संचालक मंडळात घराबाहेरचा, नाही म्हणू शकणारा एक तरी माणूस हवा. २०२० च्या अर्थसंकल्पाने लाभांशावरचा कर भागधारकाकडे वळवला आणि कलम ८०एमची वजावट आणली. वर आलेला लाभांश पुढे वाटला तर वजावट, अडवून ठेवला तर कर. हा निर्णय दरवर्षी लेखी कारणासह इतिवृत्तात आला पाहिजे. कंपनी बाजारात नोंदलेली असेल, तर तिच्या ताब्यावर परिणाम करणारे घरगुती करार सेबीच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार उघड करावे लागतात, हेही आधीच सांगा.

आणि मुली. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत जन्मसिद्ध वाटा दिला, केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीच्या कितीतरी आधी. तरीही होल्डिंग कंपनी काढताना पहिला कागद आपल्याकडे तयार होतो तो बहिणीच्या हक्कसोडपत्राचा. तो कागद आपण, या सभागृहातले लोक, सवयीने टाईप करून देतो. ही प्रथा आपण थांबवली पाहिजे. तिला शेअर्स द्या, मतदानाचा हक्क द्या, वर आलेल्या पैशाचे काय करायचे हे ठरणाऱ्या बैठकीत तिला खुर्ची द्या. धंदा चालवणाऱ्या भावाचा पगार आणि अधिकार त्याने कमी होत नाहीत.

या परिषदेला माझी एकच विनंती आहे. कौटुंबिक करार आणि होल्डिंग कंपनीच्या लाभांश धोरणाचा एक नमुना मराठीत तयार करण्यासाठी समिती नेमा. बाहेर पडण्याचा भाव, वरच्या कंपनीवर कर्जबंदी, मुलींचा हिस्सा आणि बाहेरचा संचालक, ही कलमे त्यात असावीत. आजी, काका, सून, सगळ्यांना वकिलाशिवाय वाचता येईल असा तो असावा. पुढच्या अधिवेशनात तो मंजुरीसाठी ठेवावा. समितीत काम करायला मी तयार आहे. तुम्हीही आजच नावे द्या.