सत्तांतराची बातमी आणि कार्यकर्त्याची कसोटी

(पिंपळनेर येथील अभ्यासवर्गातील भाषण)



सत्तांतर मुंबईत घडते. परंतु त्याचा अर्थ पिंपळनेरच्या बाजारात आणि एसटी स्थानकावर लावला जातो. तेथे पक्षकार्यकर्ता हाच पुष्कळांचा वार्ताहर असतो. म्हणून बातमी पारखण्याची जबाबदारी केवळ संपादकांची नाही.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे व त्यांचे सहकारी आमदार आधी सुरतेस आणि तेथून गुवाहाटीस गेले. साक्रीच्या अपक्ष आमदार मंजुळा गावितही त्यांना जाऊन मिळाल्या. बाळापूरचे आमदार नितीन देशमुख यांनी परत येऊन, आपणांस बळजबरीने रुग्णालयात नेल्याचे सांगितले. शिंदे गटाने त्यांची आपल्यासमवेतची छायाचित्रे प्रसृत केली. दोन्ही बाजू हितसंबंधी होत्या. छायाचित्राने उपस्थिती सिद्ध होते, संमती नव्हे. तसेच तक्रारीमुळे चौकशीची गरज सिद्ध होते, आरोप नव्हे.

आमदारांचे आकडेही रोज बदलत होते. ४ जुलैस विधानसभेत १६४ विरुद्ध ९९ अशी मोजणी झाली, तेव्हा तो प्रश्न मिटला. मात्र बहुमत होते एवढेच त्यातून कळले. ते कोणत्या मार्गाने आले, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. एका बाजूने सांगितले, राज्यपालांची कृती चुकीची ठरली. दुसरीने सांगितले, सरकार तरले. निकालात दोन्ही गोष्टी होत्या. उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगणे समर्थनीय नव्हते; परंतु त्यांनी चाचणीस सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा आणता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ज्याने अर्धाच निकाल गावात सांगितला, त्याने खोटे सांगितले नाही; तरीही ऐकणाऱ्याची फसवणूक झालीच.

येथे समाजवाद्यांनी स्वतःचा इतिहासही आठवावा. जुलै १९७८ मध्ये शरद पवार बाहेर पडले व वसंतदादा पाटलांचे सरकार कोसळले. जनता पक्षात विलीन झालेले समाजवादी पवारांच्या नव्या सरकारात सहभागी होते. त्या घटनेला कोणी पुरोगामी आघाडी म्हटले, कोणी पाठीत खंजीर म्हटले. १९७८ ला एक शब्द आणि २०२२ ला दुसरा शब्द वापरणाऱ्याने दोहोंतील फरक पुराव्यानिशी दाखविला पाहिजे. तो दाखविता येत नसेल, तर ती बातमी नसून पक्षपात आहे.

कांदा विकणारा शेतकरी व्यापाऱ्याच्या तोंडच्या भावावर हिशेब मांडीत नाही. तो हिशेबपट्टी मागतो. कार्यकर्त्यानेही तीच सवय लावावी. प्रत्यक्ष कोणी पाहिले, कागद कोणता, सांगणाऱ्याचा लाभ कोणता, हे तीन प्रश्न विचारावेत; आणि जी बातमी ऐकून आपणांस आनंद होतो, तिला ते सर्वांत आधी विचारावेत. उत्तर मिळेपर्यंत "अजून कळलेले नाही" असे चारचौघांत सांगण्यास संकोचू नये. उद्या वनजमिनीच्या वा पाण्याच्या प्रश्नावर लोकांनी आपल्या शब्दावर मोर्चात यावे असे वाटत असेल, तर तो शब्द आजपासूनच जपला पाहिजे.