आल्प्सचा बर्फ आणि आपला खिसा

आल्प्समध्ये स्कीइंगला जायचं म्हटलं की आपल्या घरात पहिला प्रश्न निघतो, "परवडेल का?" प्रश्न रास्त आहे. पण आपण त्याचं उत्तर देशांच्या नावांत शोधतो. स्वित्झर्लंड महाग, ऑस्ट्रिया त्यातल्या त्यात बरा, वगैरे. खरं म्हणजे देशापेक्षा आठवडा आणि गाव यांवर हिशेब जास्त अवलंबून असतो.

आधी आठवड्याचं बघू. नाताळ ते नववर्ष हे दिवस फार महाग, आणि गंमत अशी की तेव्हा खालच्या गावांत पुरेसा बर्फ पडलेला असेलच असं नाही. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांच्या हिवाळी सुट्ट्या सुरू होतात. सगळा देश एकदम डोंगरावर लोटू नये म्हणून फ्रान्सने शाळांचे तीन विभाग करून सुट्ट्या आळीपाळीने ठेवल्या आहेत. त्यामुळे गर्दी चार आठवडे पसरते आणि चढे भावही चार आठवडे टिकतात. आपल्यासाठी उरतात दोन काळ. ६ जानेवारीचा ख्रिस्ती सण उरकला की पुढचे दोन-तीन आठवडे, आणि मार्चचा मध्य. जानेवारीत थंडी बोचरी, दिवस लहान, पण तीच खोली फेब्रुवारीपेक्षा बऱ्याच कमी भाड्यात मिळते. मार्चमध्ये ऊन छान असतं, मात्र दुपारनंतर खालचा बर्फ आसट खिचडीसारखा होतो. सकाळी लवकर उतारावर जावं आणि दोनला आवरतं घ्यावं. ईस्टर कधी येतो तेवढं कॅलेंडरात पाहून ठेवा, त्या आठवड्यात भाव पुन्हा चढतात.

आता गाव. फ्रान्समध्ये 'त्रोआ व्हाले' नावाचा प्रदेश आहे. कुर्शव्हेल, मेरिबेल, व्हाल थोरांस ही त्यातली नावाजलेली गावं. लिफ्टने एकमेकांना जोडलेले सुमारे ६०० किलोमीटरचे उतार तिथे आहेत. अशा बड्या ठिकाणी, मग ते फ्रान्समध्ये असो की ऑस्ट्रियात, फक्त लिफ्टचा एका दिवसाचा पास आता ७०-८० युरोंच्या घरात गेला आहे. आता मला सांगा, पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाने ६०० किलोमीटरचं करायचं काय?

नवशिक्याचे पहिले दिवस कसे जातात ते ऐका. बूट इतके ताठ की नडगीवर दाब येतो आणि जिना उतरायचा तर आडवं चालावं लागतं. एका सौम्य उताराच्या पायथ्याशी सरकता पट्टा असतो. त्यावर उभं राहून वर जायचं आणि मग स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा त्रिकोण करून हळूहळू खाली यायचं. शिक्षक मुलांना सांगतात, "पिझ्झा करा!" पडल्यावर एक स्की निसटते आणि स्वतःवरच हसू येतं. उठताना स्की उताराला आडव्या ठेवायच्या, नाहीतर उठता उठताच पुन्हा घसरायला होतं. हे सगळं दोनशे मीटरच्या पट्टीत चालतं. फ्रान्समधल्या अनेक गावांत नवशिक्यांच्या काही लिफ्ट फुकट असतात. तिथे पूर्ण पास घेणं म्हणजे पैसे बर्फात पुरणं. ते पैसे सामूहिक वर्गासाठी ठेवा. शिक्षकाच्या फीमध्ये मात्र काटकसर नको.

म्हणून लहान गाव निवडा, आणि शक्यतो रेल्वे स्टेशन असलेलं. म्युनिकहून लोकल गाडीने साधारण दीड तासात गार्मिश-पार्टेनकिर्खेन येतं. जर्मनीत राहणाऱ्यांचं मासिक 'डॉइचलांडटिकिट' त्या गाडीत चालतं. ऑस्ट्रियात त्सेल आम झे, इटलीत तुरीनहून गाडी जाते ते बार्दोनेक्किया. स्टेशन नसलं तरी स्लोव्हेनियातलं क्रान्स्का गोरा शेजारच्या ऑस्ट्रियापेक्षा स्वस्त पडतं. एक धोका आहे. कमी उंचीच्या गावात बर्फाचा भरवसा कमी. गार्मिश जेमतेम ७०० मीटरवर आहे. तिथलं बुकिंग रद्द करता येईल असंच करावं.

आगाऊ पैसे भरण्याचा फायदाही मोठा आहे. २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या झास-फे गावाने अफलातून योजना काढली. अख्ख्या हंगामाचा पास २२२ फ्रँकला, पण ९९,९९९ लोकांनी तो आधी घेतला पाहिजे. आकडा गाठला गेला नाही, तरी गावाने पास दिले. पुढच्याच वर्षी पश्चिम स्वित्झर्लंडमधल्या २५ ठिकाणांनी मिळून ३५९ फ्रँकचा 'मॅजिक पास' आणला. आता बऱ्याच ठिकाणी पासचे दर विमानाच्या तिकिटासारखे मागणीप्रमाणे बदलतात. खिडकीशी जाऊन पास मागणारा बहुधा सर्वांत जास्त पैसे मोजतो. स्की, बूट, हेल्मेट भाड्याने घेतानाही तेच. आधी ऑनलाइन नोंदवा. कपड्यांत जीन्स नको, भिजली की वाळत नाही. आतले थर्मल कपडे पुण्या-मुंबईतही मिळतात. जॅकेट कुणा मित्राकडून मागून आणा.

जाता जाता एक सांगतो. आल्प्समधल्या हिवाळी सहली इंग्रजांत रुजवणाऱ्यांपैकी एक हेन्री लन. हा गृहस्थ आधी मद्रासला मिशनरी होता. त्याचा मुलगा आर्नल्ड १८८८ साली मद्रासलाच जन्मला आणि १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या म्युरेनच्या उतारावर त्याने आधुनिक स्लालॉम, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरण्याची शर्यत सुरू केली. विमान, बस, खोली, जेवण सगळं एकत्र देणारी पॅकेजेस आजही इंग्लंडमधून निघतात. लंडन-मँचेस्टरच्या मराठी मंडळींनी जानेवारीतल्या पॅकेजेसचे भाव जरूर पाहावेत.

खाण्याचा खर्च डोंगरावर भलताच होतो. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, खरेदी खालच्या गावातल्या सुपरमार्केटमध्ये करा आणि डबा बरोबर न्या. फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी डबा खाण्यासाठी वेगळी खोली असते. भारतातून निघणाऱ्यांनी मेतकूट, लोणचं न्यावं. तूप, पेढे, श्रीखंड मात्र नाही. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

विम्याबद्दल कडक बोलतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण अनेक पॉलिसींत हिवाळी खेळ वगळलेले असतात. बारीक अक्षरातलं वाचा. पाय मोडला आणि हेलिकॉप्टर बोलवावं लागलं, तर बिल हजारो युरोंत येतं. इटलीत तर दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा २०२२ पासून सक्तीचा आहे.

आता माझं मत. नोकरीसाठी, शिक्षणासाठी युरोपात असाल, तर लहान गावातला जानेवारीचा आठवडा नक्की परवडतो. पुण्याहून चौघांना घेऊन केवळ स्की शिकायला आल्प्समध्ये जाणं मात्र मला पटत नाही. गुलमर्ग आणि औली आहेत, प्रशिक्षण आहे. तिथे तोल सांभाळायला शिका आणि मग आल्प्सचा विचार करा.

आणि जायचं ठरलंच, तर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जानेवारीत जाणाऱ्यांनी दिवाळीची वाट पाहू नये.